जास्त धावलेली जीप विकत घेताना

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके शेजारी असले, तरी त्यांची भूमी एका जातीची नाही. पेणच्या पश्चिमेस धरमतर खाडीलगत खारेपाटाची सपाट जमीन, मिठागरे आणि बांध आहेत. पूर्वेस डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आदिवासी वाड्या आहेत. रोह्याकडे कुंडलिकेचे खोरे, धाटावची औद्योगिक वसाहत आणि मुरूड-तळ्याच्या दिशेने वळणावळणाने जाणारे डोंगरी रस्ते आहेत. रेल्वे आहे, एस. टी. आहे, मिनिडोर रिक्षा आहेत. तरीही गावापासून वाडीपर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर आणि पावसाळ्याचे चार महिने यांसाठी उंच चाकांची, दणकट बांध्याची गाडी हवीशी वाटते. तिला आज 'एसयूव्ही' म्हणतात. खेड्यातील माणूस मात्र अजूनही तिला 'जीप'च म्हणतो.

हा शब्द उगाच टिकलेला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गटविकास अधिकारी आणि त्यांची जीप ही जोडी ग्रामीण भागास परिचित झाली. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो, २००० मध्ये महिंद्रची बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये टोयोटाची इनोव्हा रस्त्यावर आली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. परंतु यांपैकी अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आजही धावत आहेत. नवी गाडी घेणे ज्यांना परवडत नाही, असे शिक्षक, ग्रामसेवक, बागायतदार आणि लहान व्यावसायिक अशाच जुन्या गाडीकडे वळतात. तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढली जाते, दागिने गहाण पडतात, पतपेढीचे कर्ज घेतले जाते. यास्तव हा व्यवहार केवळ हौसेचा नसून कुटुंबाच्या संचिताचा असतो, आणि तो डोळे उघडे ठेवून व्हावा एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आकड्यामागील हिशेब

गाडी पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम मीटरकडे पाहतो. ऐंशी हजार दिसले की तो संतोष पावतो, दोन लाख दिसले की पाठ फिरवतो. या दोन्ही गोष्टी घाईच्या होत. गाडी किती धावली याबरोबरच ती कशी धावली, कोठे धावली आणि धावताना तिची निगा कोणी राखली, हे पाहणे अगत्याचे आहे.

समजा, एखादी गाडी कारखान्याच्या कंत्राटावर महामार्गावरून रोज जाऊन-येऊन १५० किलोमीटर धावते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५,००० किलोमीटर होतात, आणि पाच वर्षांत सव्वादोन लाख. ही गाडी दिवसातून दोनदा सुरू होते, तिचे इंजिन योग्य तापमानावर राहते, गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत. याउलट दुसरी गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच्या दहा फेऱ्या करते. बाजारात, शाळेत, वाडीवर जाते. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते. वर्षाचे तिचे सहा हजार किलोमीटरच होतात; परंतु क्लच, स्टार्टर, बॅटरी आणि ब्रेक यांची झीज मोठी असते. वेळेवर तेल बदललेली सव्वादोन लाखांची पहिली गाडी, निगा न राखलेल्या साठ हजारांच्या दुसऱ्या गाडीपेक्षा सरस ठरू शकते.

शिवाय मीटरवरील आकडा मागे फिरविता येतो. जुन्या काट्याच्या मीटरप्रमाणेच नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरही हा प्रयोग होतो. तो उघडकीस आणण्याचे मार्ग मात्र साधे आहेत. अधिकृत सेवाकेंद्रात गाडीच्या क्रमांकावरून पूर्वीच्या कामांची नोंद व प्रत्येक वेळचा किलोमीटरचा आकडा मिळू शकतो. तो विक्रेत्याला बरोबर घेऊनच मागावा. टायर, बॅटरी यांच्या जुन्या पावत्यांवरही आकडा लिहिलेला असतो. पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगचे चाक चकाकत आहे, चालकाचे आसन एका बाजूस बसले आहे, आणि मीटर मात्र पन्नास हजार दाखवीत आहे, तर त्या दोहोंपैकी आसन खरे बोलते असे समजावे. जाणूनबुजून आकडा बदलून गाडी विकणे ही फसवणूक होय, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे. तथापि पैसे दिल्यानंतर पोलिसांकडे व न्यायालयात खेटे घालण्यापेक्षा, पैसे देण्यापूर्वी अर्धा दिवस खर्च करणे शहाणपणाचे.

कागद प्रथम, गाडी नंतर

पुष्कळ जण आधी गाडीवर मन बसवितात आणि मग कागदांकडे वळतात. क्रम याच्या उलट असावा. कागद सदोष असतील तर उत्तम इंजिनाचाही उपयोग नाही.

पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा, म्हणजे लोक ज्याला आर. सी. बुक म्हणतात त्याचा. त्यावरील चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. अलीकडच्या गाड्यांचा चॅसिस क्रमांक १७ अक्षरे-अंकांचा असतो. त्याभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तेथेच थांबावे. इंजिन बदललेले असल्यास किंवा गॅसची टाकी बसविली असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रात असलीच पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीविना असा फेरबदल करता येत नाही. केंद्र शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीची तारीख, मालकाचा क्रम, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पडताळता येतो. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलने किती आहेत तेही पाहावे. पूर्वीच्या मालकाचा दंड पुढे नव्या मालकाच्या वाटेत अडसर होऊन उभा राहतो.

प्रमाणपत्रावर एखाद्या बँकेचा वा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास, कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. संस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

नोंदणीचा कालावधीही ध्यानात घेण्यासारखा आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते; त्यानंतर गाडी तपासणीस नेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतन करून घ्यावी लागते. मोटारगाडीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले, आणि महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, त्यामागे हे कारण असते.

पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी आणखी एक नियम विशेषत्वाने लक्षात ठेवावा. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासने, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतन होत नाही. अशी वाहने नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्राकडेच द्यावी लागतात. म्हणजे एखाद्या ग्रामपंचायतीने पाण्याच्या वा आरोग्याच्या कामासाठी तेरा वर्षे वयाची जीप घेतली, तर ती केवळ दोनच वर्षे वापरता येईल. खासगी व्यक्तीस जो सौदा फायद्याचा, तोच संस्थेस तोट्याचा ठरतो तो असा.

परराज्यातून आलेल्या गाडीविषयी दोन शब्द. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध घातले. तेव्हापासून तेथील कितीतरी डिझेल गाड्या अन्य राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. गाडी चांगली असूही शकेल. परंतु मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि येथील नवा क्रमांक हे सोपस्कार पूर्ण झाल्यावाचून ती स्वस्त म्हणता येणार नाही.

काही गाड्या पूर्वी पिवळ्या पट्टीवर, म्हणजे प्रवासी वाहन म्हणून, चाललेल्या असतात आणि मग खासगी करून विकल्या जातात. त्याची नोंद व कराचा भरणा तपासावा. आणि जो मनुष्य खासगी पट्टीची गाडी घेऊन वडाप करण्याचा बेत आखीत असेल, त्याने तो बेत सोडावा; परवान्याविना प्रवासी भाडे घेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करण्याची दाट शक्यता असते.

खारी हवा आणि पुराचे पाणी

यंत्राची परीक्षा करण्यापूर्वी कोकणात गाडीची परीक्षा खालून करावी. जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खारेपाटात खाडीची खारी हवा आणि भरतीचे पाणी. त्यात महामार्गाच्या चौपदरीकरणाचे २०११ मध्ये सुरू झालेले काम वर्षानुवर्षे रखडल्याने खड्ड्यांचे धक्के. या तिहींचा परिणाम रंगावर दिसत नाही, तो सांगाड्यावर होतो.

बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांसारख्या गाड्यांचा पाया शिडीसारखा असतो. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, यालाच चॅसिस म्हणतात. त्यावर गाडीचे अंग रबरी बैठकींवर बोल्टने बसविलेले असते. दरवाजा गंजला तर तो बदलता येतो. चॅसिस गंजली तर गाडीचा पायाच खचतो. म्हणून गाडी रॅम्पवर वा खड्ड्यावर घेऊन हातदिव्याच्या उजेडात पाहावी. मागील पाट्यांचे कोयंडे, आडव्या दांड्यांचे सांधे, मागच्या चाकांवरील कमान, ब्रेकच्या नळ्या आणि पायाखालचा पत्रा या जागा प्रथम गंजतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. निकोप लोखंड टणटणते, सडलेले बद्द वाजते व पापुद्रे सोडते. वरवरचा तांबूस गंज चिंतेचा नाही. बोट घातले तर आत जाईल असा गंज असल्यास गाडी सोडून द्यावी. विक्रीच्या तोंडावर खालून नुकताच काळा लेप दिला असेल, तर तो कशासाठी दिला हे विचारलेच पाहिजे. लेप गंज थांबवितो, तसा तो गंज लपवितोही.

दुसरे संकट पुराचे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई व रायगडमध्ये, आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड व चिपळूण येथे असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून बाजारात येते. इंजिन दुरुस्त होते. परंतु तारांच्या जोडात आणि संगणकीय नियंत्रकात शिरलेले पाणी महिन्यांनी, वर्षांनी आपले अस्तित्व दाखविते, आणि भर पावसात घाटात गाडी बंद पडते. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. नेहमी गुंडाळलेल्या त्या टोकाला गाळाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. आसनाच्या रुळांवर गंज, दिव्याच्या काचेत आतून ओल, फ्यूजपेटीत हिरवट बुरशी, जादा चाकाच्या खोबणीत रेती या खुणा बोलक्या असतात. विम्याचे जुने कागदही साक्ष देतात. 'नो क्लेम बोनस' दरवर्षी वाढत गेला असेल तर त्या काळात दावा झालेला नाही; तो मध्येच शून्यावर आला असेल तर कारण विचारावे.

थंड इंजिनाची परीक्षा

गाडी पाहावयास सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्यास सांगून ठेवावे. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. जुन्या डिझेल इंजिनाची खरी प्रकृती थंड असतानाच कळते.

सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. डिझेल इंजिनाचे तेल काळे असणे स्वाभाविक आहे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळत आहे असे समजावे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. आतील पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. चावी फिरविताच मीटरवर इंजिन, तेल, ब्रेक, एअरबॅग यांचे इशारादिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो काढून टाकला असण्याचा संभव असतो. न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्याइतकाच संशयास्पद आहे.

मग धूर पाहावा. आरंभीचा किंचित पांढरा धूर थोड्या वेळात नाहीसा होत असेल तर हरकत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते; पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो यांपैकी काहीतरी झिजले आहे. दाट काळा धूर म्हणजे हवेची गाळणी तुंबली आहे किंवा नोझल बिघडले आहेत. सतत येणारा दाट पांढरा धूर पाणी जळत असल्याचे किंवा डिझेल अर्धवट जळत असल्याचे चिन्ह असते. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण जपून सैल करावे. आतून भकभक वाफ व जोर येत असेल तर इंजिन उघडावे लागण्याची वेळ जवळ आली आहे.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात नोझल व पंप हे महाग भाग असतात. चांगला मेकॅनिक प्रत्येक नोझलमधून परत येणारे डिझेल मोजून त्यांची स्थिती सांगू शकतो. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो केव्हा बदलला याची पावती मागावी. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्याही आता जास्त किलोमीटर होऊन विक्रीस येऊ लागल्या आहेत. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. लहान-लहान फेऱ्यांत ती तुंबते आणि बदलण्याचा खर्च मोठा असतो. ज्याचे जाणे-येणे गावातल्या गावात आहे, त्याने अशी गाडी घेताना दोनदा विचार करावा.

भिसे खिंडीतील चढ

गाडी विक्रेत्याच्या दारासमोर दोन फेऱ्या मारून घेता येत नाही. ती निदान तासभर, आणि चढावर चालवून पाहावी. या भागात त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना भिसे खिंड आहे. नागोठणे-कोलाड महामार्गावर सुकेळी खिंड आहे. चारजण बसवून चढ चढावा. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, तर क्लच घासला आहे. तापमानाचा काटा चढत जातो, तर रेडिएटर, पाण्याचा पंप वा हेड गॅस्केट यांत दोष आहे. उतारावर गिअर आपोआप सुटून येऊ नये. ब्रेक मारताच गाडी एका बाजूस ओढू नये.

खड्ड्यांच्या रस्त्यावर काच खाली करून कान द्यावा. पुढून खडखडाट आल्यास बॉल जॉइंट वा बुश गेलेले असतात. वेग वाढताना पायाखाली घरघर आल्यास प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, आणि मागून सतत हुंकारासारखा आवाज आल्यास डिफरन्शियल तपासावा. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर ती व्यवस्था मऊ, निसरड्या जमिनीवर प्रत्यक्ष लावून पाहावी, कोरड्या डांबरी रस्त्यावर नव्हे. कित्येक गाड्यांत ती वर्षानुवर्षे वापरलेलीच नसते आणि ऐन चिखलात दगा देते.

टायरकडे पाहताना केवळ नक्षी पाहू नये. टायरच्या बाजूस चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर रस्त्यावर वापरण्यास अयोग्य होय. टायर एकाच कडेस झिजला असेल तर दोष टायरचा नसून सस्पेन्शनचा किंवा वाकलेल्या चॅसिसचा असू शकतो.

या सर्व परीक्षेस जाणता मेकॅनिक बरोबर असावा, आणि त्या व्यवहारात त्याचा काही हिस्सा नसावा. त्याची दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी द्यावी. ज्याला विक्रेत्याकडून दलाली मिळावयाची आहे, त्याचा सल्ला फुकट मिळाला तरी महाग पडतो.

खरी किंमत

विक्रेता सांगतो ती मागणी. खरी किंमत निराळी असते. समजा, एका गाडीची मागणी चार लाख रुपये आहे. परंतु पाच टायर, क्लच, पुढील सस्पेन्शन, बॅटरी, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च मिळून नव्वद हजार लागणार आहेत. तर ती गाडी चार लाख नव्वद हजारांची झाली. शेजारची गाडी साडेचार लाखांची, तीस हजार किलोमीटर अधिक धावलेली. परंतु तिची ही कामे नुकतीच झालेली असून पावत्या हाती आहेत. या दोहोंत दुसरी स्वस्त होय. गाडीच्या किमतीखेरीज काही रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूस ठेवता येत नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी थोडे थांबावे.

खासगी व्यक्तीकडून जुनी वस्तू घेताना तिच्या प्रतीविषयी कायद्याचे संरक्षण मर्यादित असते. पारखून घेण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्याचीच. म्हणून विक्रेत्याने दिलेली आश्वासने, म्हणजे अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, मीटर खरे आहे, ही लेखी घ्यावीत. रक्कम बँकेमार्फत द्यावी. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याच्याकडे नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र आहे काय ते पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांस ते आवश्यक केले आहे.

नाव बदलल्याखेरीज व्यवहार पुरा नाही

चावी हाती आली म्हणजे व्यवहार संपला, हा समज सर्वांत धोक्याचा आहे. विक्रेत्याने नमुना २९ मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्यास विक्री कळवावयाची असते. राज्यातल्या राज्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्याने नमुना ३० सह ३० दिवसांच्या आत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. एमएच ०६ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे काम पेणच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येते. बरेचसे सोपस्कार आता संगणकीय पद्धतीने घरबसल्याही होतात. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मात्र नाव बदलल्याशिवाय मिळेल असे धरून चालू नये. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसून त्या व्यक्तीचा असतो, हेही ध्यानात असावे.

विक्रेत्यासही यात मोठा धडा आहे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या प्रकरणात गाडी एकामागून एक अशी अनेकांच्या हाती गेली. नोंदणीत मात्र मूळ मालकाचेच नाव राहिले आणि गाडीला प्राणघातक अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईचे दायित्व त्याच्यावर. वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस निवृत्त शिक्षकाच्या दारी येऊ शकते, ती अशी. म्हणून सह्या केलेले कोरे नमुने कोणाच्याही हाती देऊ नयेत. गाडी सोपविल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आणि नाव बदलल्याचे स्वतः तपासून पाहावे. फास्टॅगही आपल्या नावावरून बंद करावा.

बंधु-भगिनींनो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. तरी भर पावसात, रात्रीच्या वेळी, डोंगरावरील वाडीतून प्रसूतीसाठी स्त्रीला खाली आणावयाचे असते तेव्हा गावकरी प्रथम ज्याच्या दारात जीप उभी आहे त्याचेच दार ठोठावतात. तो शिक्षक असेल, सरपंच असेल, दुकानदार असेल. त्या घटकेस गाडीचा रंग कामी येत नाही, मीटरवरील आकडाही कामी येत नाही. चिखलात फिरणारी चाके, उतारावर लागणारे ब्रेक आणि पहिल्या चावीला सुरू होणारे इंजिन एवढेच कामी येते. गाडी घेण्याच्या दिवशी खाली वाकून, हातदिवा घेऊन जो तासभर घालविला जातो, त्याचे मोल त्या रात्री कळते.